सबवूफर घ्यायच्या आधी हे तपासा: बजेट हाय-फाय सिस्टीम बसवताना या चुका टाळा

मागच्या दिवाळीला माझ्या मावसभावाने बरेच दिवस पैसे साठवून २५ हजारात सिस्टीम बसवली, बुकशेल्फ (टेबलावर मावतील एवढ्या) स्पीकरची जोडी आणि एक छोटा स्टिरिओ ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, आणि पंधरा दिवसांत मला फोन, "दादा, बेसच येत नाहीये रे, सबवूफर कुठला घेऊ?" सबवूफर म्हणजे फक्त बेस, खालचे सूर, वाजवणारा वेगळा स्पीकर. मी म्हटलं थांब, काही घेऊ नको, रविवारी येतो. गेलो, स्पीकर फिरवून बघितला तर डाव्या स्पीकरची वायर उलटी लागलेली, लाल काळ्यात आणि काळी लालात. वायर सरळ केली आणि डग्गा एकदम भरून वाजायला लागला.

म्हणून हे लिहितोय. स्वस्त सिस्टीम खराब वाजली की आपण लगेच वस्तूला दोष देतो आणि पुढची वस्तू शोधायला लागतो, पण माझ्या बघण्यात तरी गडबड बहुतेक वेळा बसवण्यात असते आणि ती सुधारायला पैसे फारसे लागतच नाहीत.

वायर उलटी लागणे

वायर उलटी असली की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, त्यामुळे खालचे सूर एकमेकांना मारतात आणि गायकाचा आवाज नक्की कुठून येतोय तेच कळत नाही. तपासायला जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो असं) रेकॉर्डिंग लावा, जुनी नाट्यगीतं यासाठी फार छान. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे बसा. आवाज समोर मध्यभागी, एखादा माणूस उभा राहून गातोय असा आला पाहिजे. तो खोलीभर पसरलेला, डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर ॲम्प बंद करून फक्त एकाच स्पीकरची वायर उलटवा आणि परत ऐका. दोन्ही उलटवल्या तर काहीच बदलणार नाही, हे लक्षात ठेवा.

जुन्या स्पीकरवर लाल-काळ्या खुणा पुसलेल्या असतील तर वायर ॲम्पपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या गोलाचा, कोन (पडदा) बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे लावलंय ते लाल. आणि वायर लावताना तांब्याच्या सुटलेल्या तारा नीट पिळून घ्या, एक केसाएवढी तार बाजूच्या टर्मिनलला टेकली तरी ॲम्प शॉर्ट होऊन जाऊ शकतो.

टीव्ही युनिटच्या कप्प्यात स्पीकर कोंबणे

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त घरांत दिसणारी. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात मागे ढकलून ठेवले की लाकडी खोकंच वाजायला लागतं, बायांचे आवाज नाकातून आल्यासारखे आणि पुरुषांचे घशात अडकल्यासारखे. निदान कप्प्याच्या पुढच्या काठापर्यंत तरी ओढून घ्या. जमत असेल तर बाहेरच काढा, मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे, कोपऱ्यापासून लांब, आणि दोन स्पीकरमधलं अंतर साधारण तेवढंच ठेवा जेवढं तुमचं त्यांच्यापासून आहे. मग दोन्ही किंचित आत, तुमच्याकडे वळवा. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा गोल, कानाच्या उंचीला हवा, सोफ्यावर बसल्यावर ती उंची जमिनीपासून तीन-सव्वातीन फूट भरते. महागडे स्टँड लागत नाहीत, सिमेंटचे हलके ब्लॉक एकावर एक रचून वर कडप्प्याचा तुकडा आणि स्पीकरखाली रबराचे छोटे तुकडे, एवढ्यात काम होतं. माझ्याकडे गेली चार वर्षं हेच आहे.

आता बेसचं. बरेच जण म्हणतात बेस नाही, बरेच म्हणतात बेस फारच घुमतो, आणि कधी कधी एकाच घरात नवरा एक म्हणतो आणि बायको दुसरं, आणि दोघंही बरोबर असतात कारण दोघं वेगवेगळ्या जागी बसलेले असतात! खोलीच्या लांबी-रुंदीप्रमाणे काही ठरावीक सूर भिंतींमधे अडकून फुगतात. आपल्याकडचा नेहमीचा १० बाय १२ चा हॉल घ्या, १२ फुटाच्या बाजूला हा सूर येतो साधारण ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपनं) आणि १० फुटाच्या बाजूला ५६ ला. भिंतीजवळ हे सूर फुगलेले असतात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास गायब. म्हणजे सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर डग्गा धबधब वाजणार, आणि खुर्ची मध्यावर ठेवली तर तोच डग्गा पोकळ लागणार. म्हणून आधी जागा हलवा, नुसती सहा-सहा इंचांनी. सोफा भिंतीपासून फूटभर जरी पुढे आला तरी फरक कळतो. स्पीकरला मागे भोक असेल आणि भिंतीपासून लांब नेणं शक्यच नसेल तर त्या भोकात एक स्वच्छ मोजा गुंडाळून घाला, घुमणं बरंच कमी होतं. बेसचं बटण त्यानंतर.

खोलीचा विचारच न करणे

हॉलमधे उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे टर्रर्र असा आवाज येतो? मग तीच टर्रर तुमच्या प्रत्येक गाण्यामागे लागतेय. आपल्या घरांत खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंती मोकळ्या आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी, सगळं टणक. स्पीकर आणि सोफा यांच्यामधे जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, खिडकीला चुण्यांचे जाड पडदे लावा, पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला आणा. मधला काचेचा टीपॉयसुद्धा ऐकताना बाजूला सरकवून बघा. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका, त्याने नुसता वरचा थोडासा आवाज शोषला जातो, घुमणं तसंच राहतं आणि वर आगीचा धोका. थर्माकोल तर आवाज जवळजवळ शोषतच नाही.

गुणगुण

गाणं बंद असतानाही स्पीकरमधून सतत हूं... असा आवाज येत असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. बहुतेक वेळा ॲम्पला दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळतं म्हणून होतं, म्हणजे ॲम्प एका बोर्डवर, टीव्ही दुसऱ्या, आणि सेट टॉप बॉक्सला गच्चीवरून आलेली केबल ही तिसरी वाट. सगळ्या इनपुट वायरी काढा. गुणगुण गेली तर एकेक परत लावत जा, जी लावल्यावर आवाज येतो ती चोर. मग सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, आणि तरीही राहिली तर त्या इनपुटला ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगची ती जास्तीची वाट तोडणारी छोटी डबी) लावा, स्वस्तात मिळतो. पण काही जण प्लगची वरची जाड अर्थिंगची पिन काढून टाकतात, गुणगुण जाते म्हणून. हे कृपया करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे, आतमधे कधी काही सुटलं तर ॲम्पचा पत्रा करंट मारेल, घरात लहान मुलं असतात.

टर्नटेबलवाल्यांसाठी, म्हणजे तबकड्या वाजवणाऱ्यांसाठी थोडं. टर्नटेबलमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, सीडी प्लेअरचा साधारण दोन व्होल्ट. त्यामुळे टर्नटेबल थेट ऑक्सला (ॲम्पच्या साध्या इनपुटला) लावलं की आवाज बारीक आणि चिरका येतो. टर्नटेबलमधे किंवा ॲम्पमधे आधीच नसेल तर मधे फोनो प्रीॲम्प (हा बारीक सिग्नल मोठा करणारी डबी) लागतोच, आणि टर्नटेबलची ती बारीक ग्राउंडची वायर असेल तर ती स्क्रूला लावायला विसरू नका.

फोनकडून येणारा माल

सगळं नीट बसवलं आणि गाणी मात्र डेटा सेव्हर मोडमधे चालू, हेही खूप बघितलंय. ॲपच्या सेटिंगमधे जाऊन क्वालिटी सगळ्यात वरची करा, वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्हीसाठी वेगळी सेटिंग असते. फोनमधला इक्वलायझर आणि सराउंडवाले इफेक्ट बंद, कारण फोन एकदा बेस वाढवतो, ॲम्प परत वाढवतो आणि मग छोटा वूफर फडफडतो. वायरने लावत असाल तर फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पवर करा, उलटं केलं की खरखर वाढते. ब्लूटूथ रोजच्यासाठी ठीक आहे, पण निवांत ऐकायला वायर किंवा साधा यूएसबी डॅक (फोनमधल्या डिजिटल गाण्याचा सिग्नल ॲम्पसाठी तयार करणारी छोटी डबी) लावून बघा, तानपुऱ्याच्या जव्हारीत फरक कळतो.

वॉट आणि वायर

खोक्यावर पीएमपीओ असं लिहून हजारो वॉट छापलेले असतात, ती क्षणभराची फुगवलेली ताकद, त्याला काही अर्थ नाही, आरएमएस म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद किती ते बघा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जे छोटे डिजिटल ॲम्पचे बोर्ड मिळतात ते उत्तम वाजतात, पण लोक त्यांना जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावतात. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला एका बाजूला जेमतेम ८-९ वॉट मिळतात. बोर्डाला चालत असेल तर २४ व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा सप्लाय द्या, ताकद जवळजवळ चौपट होते. कमी ताकदीचा ॲम्प पिळून पिळून वाजवला की आवाज फाटतो आणि तसाच वाजवत राहिलं तर आधी ट्वीटर जळतो. आवाज कर्कश झाला की व्हॉल्यूम कमी करा, तेवढं पुरे.

वायरीवर हजारो रुपये घालवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची दोन पदरी वायर घ्या, पाच मीटर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स ०.१२ ओहमच्या आत राहतो, ८ ओहमपुढे तो काहीच नाही. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर ते वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम.

चोर बाजारातून जुना सेट घेणार असाल तर वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा, भुगा झाला तर कडा बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. पावसाळ्यानंतर व्हॉल्यूमचं बटण खरखरायला लागलं तर ॲम्प बंद करून, प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा फिरवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नको, धूळ चिकटून बसते.

एवढं सगळं करूनही खाली काहीतरी कमी वाटलं तर मग सबवूफर घ्या, आणि तो कुठे ठेवायचा हे असं ठरवा: आधी तो उचलून तुमच्या सोफ्यावर, तुमच्याच जागेवर ठेवा, तबल्याचं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतीकडेने जमिनीवर रांगत फिरा. जिथे डग्ग्याची मींड स्वच्छ, न घुमता ऐकू येईल ती त्याची जागा. तिथे ठेवून क्रॉसओव्हर (कुठल्या सुराच्या खालचं सबवूफरने वाजवायचं ते ठरवणारं बटण) ८० हर्ट्झच्या आसपास लावा आणि फेजचं (सबवूफरची पुढे-मागे हालचाल उलटी करणारं) बटण दोन्हीकडे करून बघा, सोफ्यावर बसून जिकडे बेस जास्त भरीव लागेल तिकडे सोडा.