"रात्री चित्र जातंय, सकाळी येतंय": सीसीटीव्हीच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात कॅमेरे बसवणाऱ्याला गिऱ्हाइकाचा हमखास येणारा फोन असा: "रात्री चित्र जातंय आणि सकाळी आपोआप येतंय. कॅमेरा खराब बसवलायसा बघा." नवीन पोरगा शिडी घेऊन जातो, कॅमेरा बदलतो, दुपारी चित्र स्वच्छ दिसतं, सही घेऊन परत येतो. रात्री पुन्हा तोच फोन.

कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. उपाशी असतो, एवढंच. दोन मेगापिक्सेलचा साधा बुलेट कॅमेरा दिवसा साधारण १५० मिलीअँपिअर ओढतो. अंधार पडला की आयआर एलईडी (अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे) पेटतात आणि तोच कॅमेरा ४०० मिलीअँपिअरपर्यंत जातो. आता वायरीचा हिशोब करा. ३+१ केबलमधली (तीन साध्या तारा आणि व्हिडिओची एक जाळीवाली कोअॅक्स) पॉवरची तार ०.२५ चौरस मिलिमीटरची आणि शुद्ध तांब्याची आहे असं धरलं, तरी तिचा रोध किलोमीटरला जवळपास ६९ ओहम. कॅमेरा ६० मीटरवर असेल तर जायची आणि यायची मिळून १२० मीटर तार, म्हणजे ८.३ ओहम. दिवसा तिथे १.२ व्होल्ट गळतात, कॅमेऱ्याला १०.८ मिळतात. रात्री ३.३ व्होल्ट गळतात, उरतात ८.७. बहुतेक कॅमेऱ्यांना १२ व्होल्टच्या वरखाली २५ टक्के चालतं, म्हणजे ९ पर्यंत ते तग धरतात. ८.७ ला कॅमेरा बंद पडतो, एलईडी विझतात, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. डीव्हीआरवर (रेकॉर्डिंग करणारी पेटी) दिसतं ते हे लुकलुकणं.

बाजारातली स्वस्त केबल तांब्याची नसतेच. आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट. दुकानात वायर ब्लेडने खरवडून बघा, आतून चंदेरी दिसली की समजा. बंडल ९० मीटरचं आहे म्हणून ९० मीटरपर्यंत वीज न्यावी असा त्याचा अर्थ नाही. व्हिडिओ तेवढा जाईल, वीज जाणार नाही.

मोजायचं कुठे, हा पुढचा मुद्दा. एसएमपीएसवर (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणारी पेटी) मोजून "बारा व्होल्ट आहेत की" म्हणणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा आळस. शिडीवर चढा, कॅमेऱ्याच्या डीसी पिनपाशी मोजा, तेही कॅमेरा जोडलेला असताना. कॅमेरा काढून मोजलंत तर एका धाग्यावर टिकलेली वायरसुद्धा बारा व्होल्ट दाखवेल, कारण करंटच वाहत नाही. रात्रीची वाट बघायला नको: कॅमेऱ्याचं तोंड जाड काळ्या कापडाने झाका, एलईडी लालसर पेटतील, आणि भर दुपारी रात्रीचं व्होल्टेज हाती येईल.

इलाज स्वस्त आहेत. ३+१ मधली ऑडिओची तिसरी तार रिकामी असेल तर ती निगेटिव्हला जोडीने लावा. एका बाजूचा रोध निम्मा होतो, एकूण ८.३ चा ६.२ होतो आणि वरच्या उदाहरणात कॅमेऱ्याला रात्री ९.५ व्होल्ट मिळतात. चालतं, पण काठावर. त्यापेक्षा पॉवरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर ओढा, किंवा कॅमेऱ्याजवळ २३० व्होल्ट असेल तर तिथेच पेटीत १२ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॅप्टर ठेवा. एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून १३ व्होल्टपर्यंत नेता येतं. मात्र एसएमपीएसला अगदी लागून असलेल्या कॅमेऱ्यालाही तेच १३ मिळणार, म्हणून हात जपून फिरवा. चार कॅमेऱ्यांना ५ अँपिअर, आठला १०, सोळाला २० अँपिअरचा एसएमपीएस हा रिवाज आहे. हिशोबापेक्षा जास्त वाटतो, पण हलक्या मालाच्या लेबलावर विश्वास ठेवू नये.

सरावासाठी एक गोष्ट घरी करा. केबलचं अख्खं बंडल न उलगडता एका टोकाला एसएमपीएस आणि दुसऱ्या टोकाला कॅमेरा जोडा. कॅमेऱ्याचं तोंड झाका-उघडा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. या अर्ध्या तासात जे कळतं ते आठवडाभर शिडी धरून कळत नाही.

आयपी कॅमेऱ्यात (नेटवर्क केबलवर चालणाऱ्या) हा त्रास कमी, कारण पीओई स्विच (त्याच केबलमधून वीजही देणारा) साधारण ४८ व्होल्ट पाठवतो, त्यामुळे करंट थोडा आणि गळतीही थोडी. तिथली मर्यादा १०० मीटर केबलची. साध्या पीओई पोर्टवर १५.४ वॉट असतात, पण स्विचची एकूण ताकद वेगळी बघावी लागते. आठ पोर्टचा स्विच आहे म्हणजे आठही पोर्टवर पूर्ण वॉट मिळतातच असं नाही. इथेही मुलाम्याची कॅट-६ नेटवर्क केबल टाळा. कनेक्टर मारताना रंगांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सारखाच.

आधी जागा बघा, मग कॅमेरा निवडा

गिऱ्हाईक विचारतं, "किती मेगापिक्सेल?" तुम्ही विचारा, "काय ओळखायचं आहे?" अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा तर चित्रात एका मीटरला २५० पिक्सेल हवेत. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे चौकटीत पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदी मावता कामा नये. २.८ मिमीच्या लेन्सचा कोन साधारण १०० अंश. ती रुंदी तीन-सव्वातीन मीटरवरच भरते. ६ मिमीचा कोन ५० अंशांच्या आसपास, तिथे तोच चेहरा आठ मीटरवर मिळतो.

गुजरीतल्या सराफी दुकानात काउंटरवर २.८ मिमी ठीक आहे, हात आणि ताट दोन्ही दिसतात. पण त्याच कॅमेऱ्याने गल्लीच्या टोकाची गाडी ओळखू येईल असं सांगून मोकळं होऊ नका. शिरोलीच्या कारखान्याच्या गेटवर नंबरप्लेट वाचायची तर ६ किंवा १२ मिमीचा वेगळा कॅमेरा लावा, फक्त तेवढ्याच कामाचा. उंची आठ ते दहा फूट. पंधरा फुटांवर लावला की चोर पोचायचा नाही हे खरं, पण चित्रात टोपीच दिसते. दुकानातून रस्त्याकडे तोंड करून लावाल तर आत येणारा प्रत्येक माणूस काळी सावली होईल. मग डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळायची सोय) असलेला कॅमेरा घ्या, नाहीतर कोन बदला. कोन बदलणं फुकट आहे.

शेजाऱ्याची खिडकी, अंगण चौकटीत येत असेल तर सेटिंगमध्ये तेवढा भाग झाका. ट्रायल रूम किंवा बाथरूमकडे कॅमेरा लावायला कोणी सांगितलं तर काम सोडा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली तो गुन्हा ठरू शकतो.

माल घेताना एक बघा: ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या अटींसह बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते. खोक्यावर ती नसेल तर स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका.

पाऊस, वळीव, पूर आणि भुकटी

इथल्या पावसात कॅमेरा बुडून मरत नाही, जोड कुजून मरतो. कॅमेरा आयपी६६ किंवा आयपी६७ (पाणी-धूळ रोखायची श्रेणी) असतो, पण त्याच्या शेपटीचा बीएनसी (व्हिडिओचा), डीसी (विजेचा) किंवा आरजे४५ (नेटवर्कचा) जोड उघड्यावर लोंबत ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यात तांब्यावर हिरवा गंज चढतो. प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्यामागे चार बाय चार इंची पीव्हीसी बॉक्स हवाच. वायर बॉक्सच्या खालच्या बाजूने आत घ्या, आणि आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. सिलिकॉन बॉक्सच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची कड मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलेल्या बॉक्समध्ये दमट हवा कोंडते आणि आतच घाम सुटतो.

एप्रिल-मेमधला वळीव वेगळ्या तऱ्हेने मारतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची लांब केबल ओढली असेल तर जवळपास वीज पडली की स्विचचे पोर्ट, डीव्हीआरचे चॅनल एका फटक्यात जातात. इमारत ते इमारत फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी). कन्व्हर्टर जोडीत येतात, एक ए आणि एक बी. दोन्ही ए लावले तर लिंक लागत नाही आणि दिवस फुकट जातो.

पुराचं तर सांगायलाच नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथे पोरासोरांना पाठ आहेत. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी अशा भागात काम असेल तर डीव्हीआर, एसएमपीएस, यूपीएस काउंटरखाली ठेवू नका. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ किंवा २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मालकाला विचारा, तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. त्याच्या वर जागा शोधा.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत दुसरंच दुखणं: चित्रावर वर सरकणारे आडवे पट्टे. शेडचा लोखंडी खांब आणि ऑफिसचं अर्थिंग यांच्यात फरक असतो. कॅमेऱ्याची धातूची बॉडी खांबाला टेकली की तो फरक कोअॅक्सच्या जाळीतून वाहतो. कॅमेरा आणि खांब यांच्यामध्ये पीव्हीसी बॉक्स किंवा प्लायवूडचा तुकडा घाला, पट्टे जातात. तरी राहिले तर पॉवर केबल शेजारून गेली आहे का बघा. २३० व्होल्टच्या वायरीपासून एक फूट अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

इचलकरंजीच्या मागावर कापसाची भुकटी आणि सगळीकडेच कोळी. आयआरच्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, जाळं चमकतं आणि रात्रीचं चित्र दुधाळ होतं. "कॅमेरा धूसर झाला" म्हणून आलेली तक्रार निम्म्या वेळा कुंचल्याने मिटते.

बिघाड शोधायचा क्रम

एकच चॅनल काळा असेल तर डीव्हीआरवर त्याची आणि चालू कॅमेऱ्याची वायर अदलाबदल करा. बिघाड पोर्टसोबत राहिला तर डीव्हीआर, वायरीसोबत गेला तर वायर किंवा कॅमेरा. मग कॅमेरा उतरवून डीव्हीआरजवळ एक मीटरच्या चांगल्या तुकड्याने जोडा. चालला तर दोष वायरीत, आणि तोही बहुधा बीएनसीच्या टोकाशीच. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलेला सापडतो. स्क्रूचे बीएनसी सोपे, पण ढिले पडतात. क्रिम्प केलेले लावा. सगळे चॅनल एकदम गेले तर आधी एसएमपीएस, कॅमेऱ्यांच्या मागे लागू नका. चित्र काळंपांढरं किंवा थरथरतं येत असेल तर कॅमेरा आणि डीव्हीआरची चित्र पाठवायची पद्धत जुळत नाही: टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी. अनेक कॅमेऱ्यांच्या शेपटीवर छोटी जॉयस्टिक असते. कंपनीच्या कागदात दिलेल्या दिशेला पाच सेकंद दाबून धरा, पद्धत बदलते.

डीव्हीआर सतत बीप करतोय तर बजर बंद करून निघू नका. बहुधा हार्ड डिस्क गेलेली असते. मालकाला चोरीनंतर कळतं की तीन महिने रेकॉर्डिंगच नव्हतं. चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली सर्व्हेलन्स डिस्क घ्या, जुन्या कॉम्प्युटरमधली काढून बसवू नका. हिशोब: एका कॅमेऱ्याला २ मेगाबिट प्रतिसेकंद धरले तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांना १ टीबी साधारण ११ दिवस पुरते. एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) वर बिटरेट निम्म्यावर आणता आला तर २२. आठ कॅमेरे, महिनाभर, १ मेगाबिट: जवळपास २.६ टीबी, म्हणजे ४ टीबीची डिस्क.

नेटवर्कमध्ये नवख्यांची ठरलेली चूक: नवीन सगळे आयपी कॅमेरे एकदम स्विचला लावायचे. हिकव्हिजनचे सगळे १९२.१६८.१.६४ या पत्त्यावर, दहुआचे सगळे १९२.१६८.१.१०८ वर येतात, मग एकमेकांवर आदळतात. एकेक लावा, पत्ता बदला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून लिहा. मोबाइलवर दिसत नाही आणि राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही, तर कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसावा. कंपनीच्या अॅपची पी२पी (पोर्ट न उघडता जोडणारी सोय) वापरा. पोर्ट उघडे ठेवणं तसंही धोक्याचंच.

सही घेण्याआधी

यूपीएस लावा. ६०० व्हीएचा, ७ अँपिअर-अवर बॅटरीचा यूपीएस चार कॅमेरे आणि डीव्हीआर तासभर ओढतो. राउटरही त्यावरच घ्या, नाहीतर लाइट गेली की मोबाइल आंधळा.

पासवर्ड मालकाच्या हाताने टाकून घ्या आणि कागदावर त्याच्याकडेच ठेवा. फक्त तुम्हालाच माहीत असलेला पासवर्ड ही गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती समजली जाते. प्रत्यक्षात पुढचा माणूस रिसेट करतो आणि तुमचं नाव गल्लीत खराब होतं.

घड्याळ जुळवा, +५:३० ठेवा, इंटरनेट असेल तर आपोआप जुळणी चालू करा. लाइट गेल्यावर तारीख जुन्या सालावर उडत असेल तर आतला बटण सेल संपलाय. पोलीस फुटेज मागायला येतात तेव्हा या घड्याळाला किंमत येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यू (फाइलचा बोटांच्या ठशासारखा आकडा) असलेलं प्रमाणपत्र लागतं. डीव्हीआरचा वेळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते फुटेज काढतानाच लिहून ठेवा. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तुकडे करा. डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, म्हणून घटना कळताच त्याच दिवशी काढून ठेवा.

वार्षिक देखभालीचा करार करताना दोन फेऱ्या लिहून द्या: एक मे अखेरीला, मृगाच्या आधी, बॉक्स उघडून गंज बघायला. दुसरी दसऱ्याच्या आसपास, जाळी आणि काचा पुसायला. आणि नव्या कामाचे शेवटचे पैसे मागायला जाल ते संध्याकाळी सातनंतर जा. आधी सगळे कॅमेरे आयआरवर गेलेले बघा, सगळ्यात लांबच्या कॅमेऱ्यापाशी मीटर लावा, आकडा बिलाच्या मागे लिहा.