घाण्याच्या हिशेबाने ऑर्डर : गावच्या नाश्ता हॉटेलात पद्धत कशी बसवावी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी आलूबोंडा, मिरची भजे, समोसा आणि तर्री पोहे विकणाऱ्या हॉटेलात आज ऑर्डर समोरच्या गिऱ्हाइकाकडून येते, फोनवरून येते आणि व्हॉट्सॲपवरूनही येते. पूर्वी ‘भाऊ, दोन पोहे, एकात तर्री जास्त’ एवढे ऐकून पोऱ्या आत ओरडायचा आणि हिशेब खाऊन झाल्यावर गल्ल्यावर तोंडीच व्हायचा. पुढे गर्दीच्या हॉटेलांत कुपने आली, मग मोबाइल आले. ऑर्डर पोचण्याचा वेग असा वाढत गेला, पण कढई मात्र तेवढीच राहिली. म्हणून नवी पद्धत बसवताना सुरुवात फोनपासून करू नये, कढईपासून करावी.

आधी पदार्थांचा फळा लहान करावा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली आपल्या हॉटेलाची घडी नव्याने बसवली, तेव्हा मोटारीपाशी जाऊन ऑर्डर घेणाऱ्या वाढप्यांना काढून त्यांनी गिऱ्हाइकाला खिडकीशी बोलावले. पण त्यासोबत पदार्थही नऊवर आणले, आणि ते केले नसते तर खिडकीपुढे नुसती रांग वाढली असती. आपल्याकडे डोसा आणि चाऊमीन फळ्यावर लिहून ठेवण्याची हौस फार, आणि ते मागणारा एखादाच असतो. त्याच्यापायी पोह्यांची गिऱ्हाइके ताटकळतात.

त्यानंतर घाणा मोजावा. एका घाण्यात किती बोंडे निघतात आणि त्यांना किती वेळ लागतो, हे आठवडाभर वहीत लिहून काढावे. समजा, घाणा ३० बोंड्यांचा आणि ८ मिनिटांचा आहे. कापसाच्या जिनिंग कारखान्यावरून १०० बोंड्यांचे पार्सल सांगितले, तर त्याला चार घाणे, म्हणजे ३२ मिनिटे लागतील, आणि तोवर समोर उभ्या माणसाला एकही बोंडा मिळणार नाही. ते टाळण्यासाठी एक घाणा पार्सलचा आणि एक समोरच्यांचा, असा क्रम ठेवावा. मग पार्सलचा चौथा घाणा एकूण सातवा ठरतो आणि ५६ मिनिटांनी निघतो. अशा वेळी फोनवर ‘अर्ध्या तासात देतो’ म्हणणे चुकीचे. एक तास सांगावा आणि तो पाळावा. पार्सलमध्ये मिरची भजेही असतील तर ते अगदी शेवटी तळावेत, कारण निवले की ते मऊ पडतात.

फोन गल्ल्यावरच्या माणसाकडेच असावा, झारा हातात असलेल्याकडे नको. व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप २०१८ पासून आहे; त्यात पदार्थांची यादी भावासह टाकता येते. बरेच लोक टाइप न करता आवाजी निरोप पाठवतात. तो ऐकून लगेच लेखी उत्तर द्यावे : ‘काकाजी, ५० बोंडे, साडेपाच वाजता, टोकन २७, तर्रीसाठी डबा आणा.’ एवढ्या ओळीत पुढचे बहुतेक वाद मिटतात. ऑर्डर कोणत्याही वाटेने आलेली असो, ती एकाच वहीत आणि एकाच क्रमाने लिहावी. फोनची वही वेगळी केली की त्यातली एखादी ऑर्डर राहून जाते. लाइन गेली किंवा नेटवर्क गेले तरी वही चालूच राहते, म्हणून कागदाला जुनाट समजू नये.

पैशांच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आता खाण्याआधीच पैसे येऊ लागले. गल्ल्यावरचे यंत्र ‘साठ रुपये मिळाले’ एवढेच बोलते, ते कोणाचे हे सांगत नाही. एकाच वेळी दोघांनी साठ-साठ भरले की गोंधळ ठरलेला. आधी टोकन द्यावे, मग पैसे घ्यावेत, वहीत त्या क्रमांकापुढे खूण करावी आणि माल देताना टोकन परत घ्यावे. नुसता स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नये.

ऑर्डर घेण्याची आणि पार्सल देण्याची जागाही वेगळी ठेवावी. पार्सलमध्ये तर्री पोह्यांवर ओतू नये, नाहीतर घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. तर्री डब्यात, चिरलेला कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि लिंबाची फोड वेगळी द्यावी. बोंडे वाफ कोंडेल अशा पिशवीत बांधू नयेत. वर्तमानपत्रात तर मुळीच देऊ नयेत, कारण छपाईची शाई अन्नात उतरते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याला मनाई केली आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीच्या दोन तासांत फोनवरची ऑर्डर बंद ठेवावी आणि तसे आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर कळवावे. घरपोच खाणे पोचवणारी स्विगी २०१४ साली बंगळूरला सुरू झाली, पण तिचा इथे उपयोग नाही. तशा सेवांच्या कमिशनचा भार दहा-वीस रुपयांच्या प्लेटला सोसत नाही. आसपासच्या खेड्यांत माल पाठवायचा तर काळी-पिवळीचा, म्हणजे खेड्यांत जाणाऱ्या प्रवासी जीपचा, चालकच उपयोगी पडतो. पार्सलवर टोकन क्रमांक, नाव आणि उतरवण्याचे ठिकाण ठळक लिहावे, त्याचे भाडे आधीच ठरवून पार्सलच्या रकमेत धरावे, आणि गाडी सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत घाणा टाकावा.