बोटीचे डिझेल इंजिन दम सोडते तेव्हा: फीड पंपाची पद्धतशीर तपासणी

कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारी नौकांमध्ये बहुधा आत बसवलेले डिझेल इंजिन असते, आणि ते भर समुद्रात दम सोडू लागले की पहिला संशय पंपावर घेतला जातो. पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला जातो, बिल भरले जाते आणि पुढच्याच फेरीत इंजिन पुन्हा बंद पडते, कारण दोष बहुतेक वेळा पंपाच्या आधी, म्हणजे टाकी ते पंप या टप्प्यात असतो. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करावी आणि पंपाला हात शेवटी लावावा.

इथे पंप दोन असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. फीड पंप टाकीतले डिझेल कमी दाबाने ओढून फिल्टरमार्गे पुढे ढकलतो. इंजेक्शन पंप, ज्याला मेकॅनिक एफआय पंप म्हणतात, तेच डिझेल अतिशय उच्च दाबाने नोझलकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे, पाठवतो. घरच्या हत्यारांनी तपासता आणि बदलता येतो तो फीड पंप. एफआय पंपाचे सील जेटीवर बसून तोडणे हे नुकसानीचे काम आहे.

इंजिन अजिबात सुरू होत नसेल तर स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेट घेत नाही, आणि मग दोष बहुधा दुसरीकडे शोधावा लागतो. चालत्या इंजिनातून काळा धूर निघत असेल तर डिझेलची टंचाई हे त्याचे कारण नसते. हवा कमी पडणे, नोझल खराब होणे किंवा नौकेच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळे अडकून इंजिनावर बोजा येणे ही कारणे आधी पाहावीत. याउलट इंजिन संथ गतीवर नीट चालते, पण गती वाढवताच दबते, ही डिझेल कमी पडल्याची ठळक खूण आहे. काही उघडण्यापूर्वी इंजिन बंद करायची स्टॉप केबल पूर्ण मागे आली आहे ना, हेही पाहावे. खाऱ्या हवेने गंजलेली केबल अर्ध्यावर अडकते आणि चांगल्या पंपावर आळ येतो.

ज्या इंजिनाचे सायलेन्सर समुद्राच्या पाण्याने थंड केले जाते, त्याचा स्टार्टर वारंवार मारण्यापूर्वी पाण्याचा व्हॉल्व बंद करावा. इंजिन सुरू न होता पाणी साचत राहिले तर ते उलटे सिलिंडरमध्ये शिरू शकते. इंजिन सुरू होताच मात्र व्हॉल्व लगेच उघडावा.

आता टाकीकडे वळू. टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर इंजिन सुधारले, तर टाकीची हवानळी तुंबली आहे. अशा वेळी इंजिन काही काळ छान चालते, मग मरते, आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होते. समुद्र शांत असताना चालणारे इंजिन लाटा आल्या की बंद पडत असेल, तर टाकीच्या तळाचा गाळ ढवळून नळीच्या तोंडाशी येत असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात अर्धी रिकामी टाकी ठेवून नौका वर ओढली असेल, तर दमट हवेचे पाणी टाकीत साचते आणि डिझेल व पाण्याच्या सीमेवर बुळबुळीत काळपट शेवाळासारखा थर वाढतो. डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरखालचा स्क्रू उघडून डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे. पाणी असेल तर ते काही मिनिटांत खाली वेगळे दिसते.

टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो, आणि फसवणूक येथेच होते. पंपानंतरच्या सांध्यातून डिझेल ठिबकते, म्हणून गळती दिसते. ओढीच्या बाजूचा सैल सांधा मात्र बाहेरून कोरडा राहून आत हवा घेऊ शकतो. चिरलेल्या नळीने शहाळे प्यायला गेल्यावर जे होते तेच पंपाचे होते. हे पकडण्यासाठी पंपाच्या तोंडाशी डिझेल सोसणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडावा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे पाहावेत. नळी जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत. सांध्यांवर पांढरी टेप गुंडाळण्याची सवय येथे सोडावी, कारण तिचे तुटलेले धागे पंपाच्या व्हॉल्वमध्ये जाऊन बसतात. जुन्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटूनही मार्ग बंद होतो, आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते.

खात्रीची चाचणी एकच आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाजवळ घट्ट बांधून, नव्या आखूड नळीने तो थेट फीड पंपाला जोडावा आणि हवा काढून इंजिन बोज्यावर चालवावे. इंजिन नीट चालले तर फीड पंप निर्दोष आहे. तरीही दबले तर आधी फिल्टर बदलावा, आणि त्यानंतरच पंपाकडे यावे.

फीड पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून ती बाटलीत धरावी व इंजिन स्टार्टरने फिरवावे. प्रत्येक ठोक्याला डिझेलची जोरकस पिचकारी आली पाहिजे. हाताने डिझेल ओढण्याच्या प्रायमरची दांडी ढिली लागत असेल तर पंप खराब ठरवण्याची घाई करू नये. पंपाला ठोका देणारा कॅम (फिरता उंचवटा) वरच्या टोकाला थांबलेला असेल तर दांडीला चाल मिळत नाही. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा पाहावे. पंपातला लवचीक पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला असेल तर काही इंजिनांत डिझेल थेट ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढून पाहावी: पातळी वाढलेली, ऑइल पातळ झालेले आणि डिझेलचा वास असेल तर इंजिन चालवू नये, पंप बदलून ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावेत.

कोणताही सांधा उघडल्यावर हवा काढणे अटळ आहे. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करून प्रायमर मारत राहावे. प्रथम फेसाळ, दुधाळ डिझेल थुंकल्यासारखे येते, मग बुडबुडे विरळ होतात आणि शेवटी स्वच्छ अखंड धार लागते; धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. हेच एफआय पंपाच्या स्क्रूवर करावे. तरीही इंजिन घेत नसेल तर नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारावा. मात्र चालत्या इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळीजवळ हात नेऊ नये. ती बारीक धार कातडीत शिरते, जखम टिंबाएवढी दिसते, आणि तरीही तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

समुद्रातच फीड पंप निकामी झाला तर कॅन इंजिनापेक्षा उंच जागी पक्का बांधून त्याची नळी थेट फिल्टरला जोडावी. पुष्कळ इंजिने अशा उतरत्या डिझेलवर कमी गतीने बंदर गाठतात. परतीच्या नळीतून बरेचसे डिझेल मुख्य टाकीत जात असल्याने कॅन अपेक्षेपेक्षा लवकर संपतो, हे तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) लक्षात ठेवावे.

एवढे सगळे तपासूनही दोष उरला, तरच एफआय पंप उतरवावा. त्यापूर्वी पंपाच्या आणि इंजिनाच्या फ्लँजवर (जोडाच्या कडेवर) एकच सरळ रेघ कोरून घ्यावी, म्हणजे परत बसवताना टायमिंग, अर्थात डिझेल सोडण्याची वेळ, चुकत नाही. नळ्यांची तोंडे टोप्यांनी बंद करावीत, आणि पंप केवळ टेस्ट बेंच (पंप तपासण्याचे यंत्र) असलेल्या वर्कशॉपमध्येच द्यावा.