विहिरीवरची मोटार घुं घुं करते, पिकअप घेत नाही? आधी वायरीचा हिशोब करा

"अडीचची वायर वीस अँपिअर आरामात घेते." अडीच म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर. दुकानातला हा सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. वायर जळणार नाही, एवढंच तो सांगतो. पलीकडच्या टोकाला किती व्होल्ट पोचतील ते कंपनीच्या तक्त्यात दुसऱ्या रकान्यात असतं: ओहम प्रति किलोमीटर, म्हणजे वायरीचा रोध. तांब्याच्या लवचीक वायरीला अडीचला 7.98, चारला 4.95, सहाला 3.30. ॲल्युमिनियमला त्याच जाडीत साधारण 1.6 पट धरा.

मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर वाचा, अंतर टेपनं मोजा.

आता मी जिथं माती खाल्ली ते. 2019 ला पंचगंगा मळ्यात शिरली. पूर आला की मोटार काढून आणता येते, पेटी नाही; म्हणून मेन स्विचची पेटी वर गोठ्याजवळ नेली. विहीर तिथून 120 मीटर. सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र), 9 अँपिअर. हिशोब केला: 7.98 ओहम × 0.12 किलोमीटर × 9 अँपिअर, म्हणजे वायरीत साडेआठ व्होल्टची घट. चालतंय की! अडीचची ओढली. मोटार नुसती घुं घुं. पेटीत मीटर लावला तर 230, म्हणजे दोष मोटारीचा, असं समजून ती वाइंडिंगला धाडली. पैसे पाण्यात.

करंट जातो तसा परतही येतो, त्यामुळं वायर 240 मीटर धरायची. घट झाली 17 व्होल्ट. शिवाय तक्त्यातला आकडा 20 अंशांचा असतो. पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंत चालते, तिथं रोध 1.2 पट. म्हणजे जवळपास 21 व्होल्ट, नऊ टक्के. वायर एवढी तापेलच असं नाही, पण हिशोब उन्हाळ्याचाच करा. त्यात सुरू होताना मोटार कितीतरी पट करंट ओढते, तेव्हा घटही तशीच वाढते. ती उठणार कशी?

आणि मोटार बंद ठेवून व्होल्टेज तपासू नका. करंट नाही तर घट नाही. विहिरीवरही 230च दिसणार. करंट वाहत असतानाच दोन्ही टोकांना मोजायचं, आणि ते वायरमनकडून. ओल्या जागी स्वतः हात घालू नका.

मी घट 5 टक्क्यांच्या आत ठेवतो, म्हणजे 230 वर साडेअकरा व्होल्ट. याच उन्हाळी हिशोबानं चारची 12.8 वर जाते, नापास. सहाची 8.6. थ्री फेजला दुप्पट नाही, 1.73 नं गुणायचं आणि टक्के 415 वर काढायचे.

सहाची टाकली, मोटार पहिल्या झटक्यात उठली. अडीचचं भेंडोळं अजून गोठ्यात खुंटीला आहे. त्यातलाच तुकडा कापून म्हशीच्या वरचा बल्ब लावलाय.