कळसूबाई आणि साल्हेर एकट्याने करताना या चुका टाळा

कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, तर साल्हेर (१५६७ मीटर) हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला. पाठीवर सॅक घेऊन, एसटीने फिरत, दोन्ही एकाच फेरीत एकट्याने करण्याचा बेत अनेक तरुण आखतात. बेत चांगला आहे. मात्र कळसूबाई आधी होते, तिथे सगळे सुरळीत पार पडते आणि मग तोच हिशोब साल्हेरला लावला जातो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते.

बारी गावातून कळसूबाईला जाणारी वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि शनिवार-रविवारी तर माणसांची रांगच लागलेली असते. पुढच्याच्या मागे चालत राहिले तरी माथ्यावरचे देऊळ येते. तिथे एकट्याने गेलेला माणूस खऱ्या अर्थाने एकटा नसतोच. साल्हेरला आडवारी पायथ्याच्या वाघांबे गावाहून निघालात, तर साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्यामधल्या खिंडीपर्यंत एखादा गुराखी भेटला तर भेटला.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरताना मी साल्हेरच्या गुहेत मुक्कामाला होतो. अंधार पडत होता, गंगासागर तलावावर धुके उतरले होते आणि कुठून तरी हाका ऐकू येत होत्या. बॅटरी घेऊन आवाजाच्या दिशेने गेलो, तेव्हा गुडघाभर गवतात एक मुलगा उभा दिसला. त्याच्या पायाखालची पुसट वाट चार पावलांवर कड्याच्या तोंडाशी संपत होती. ‘‘काका, वाघांब्याला हीच वाट उतरते ना?’’ असे त्याने विचारले. आदल्या दिवशी त्याने कळसूबाई केले होते आणि साल्हेर त्याहून ७९ मीटरने कमी म्हणून तो दुपारी दोनला निघाला होता. उजेडासाठी फक्त मोबाइल, आणि त्याचे चार्जिंग चित्रीकरणातच संपलेले. कोरीव पायऱ्या आणि दरवाजे ओलांडून तो वर आला होता खरा, पण येताना एकदाही मागे वळून न पाहिल्यामुळे परशुरामाच्या मंदिराकडून उतरल्यावर दरवाजाकडे नेमके कुठे वळायचे हे त्याला धुक्यात ओळखता आले नाही. रात्री त्याला गुहेतच ठेवून घेतले. सकाळी आम्ही खिंडीत उतरलो, तर ज्या घरी त्याने सॅक ठेवली होती तिथली माणसे त्याला शोधायला वर येत होती. ते घर रात्रभर झोपले नव्हते.

म्हणून मी प्रत्येक वळणावर थांबून मागे पाहतो आणि दरवाजा ओलांडला की उतरताना तो जसा दिसेल तसा त्याचा फोटो काढतो. वर जाण्यापूर्वी गावातल्या एका घरी सांगून ठेवतो, ‘‘मामा, याच वाटेने पाचच्या आत खाली येतो,’’ आणि मग वाट बदलत नाही. वाघांबेहून चढून दुसऱ्या बाजूच्या साल्हेरवाडी गावाला उतरण्याची हौस पहिल्याच एकट्या फेरीत करू नये. दुपारी बारा वाजता जिथे असेन तिथून मी परत फिरतो, मग माथा अर्ध्या तासावर का असेना. नवख्यांना हा नियम जाचक वाटतो, पण त्यांची घाई मला त्याहून जाचक वाटते.

दुसरी चूक विजेची. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग गडगडू लागतात, तरीही कळसूबाईच्या शिड्यांवर माणसे चढतच असतात. उघड्या धारेवर, ओल्या लोखंडाला धरून उभे राहण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. पहिला गडगडाट ऐकू आला की शिडीला हात न लावता उतरायला लागावे, आणि शिड्या पार करून वर पोहोचला असाल तर ढग सरेपर्यंत त्यांच्यापासून आणि माथ्यापासून दूर, उकिडवे बसून राहावे.

पाणी वर मिळेल या भरवशावर निघू नये. मी तीन लिटर खालूनच घेतो, आणि कोणत्या टाक्यातले पाणी सध्या पिण्याजोगे आहे हे गावात विचारतो, कारण इंटरनेटवरची माहिती कोणत्या महिन्यातली आहे हे कळत नाही.

नवे बूट घालून जाऊ नका. जीन्स घालू नका. तंबू आणि शेगडी शिखरावर नेऊ नका. मुक्कामाचे ओझे गावात ठेवून हलक्या सॅकने चढा. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या.

दोन्ही शिखरे लागोपाठच्या दोन दिवसांत बसवणे हीसुद्धा चूकच आहे. बारीहून घोटी, नाशिक, सटाणा, ताहाराबाद असा प्रवास एसटीने करायचा, तर जवळपास दिवस जातो आणि ताहाराबादच्या पुढे गाड्या तुरळक आहेत. तो दिवस प्रवासालाच द्यावा, रात्री पायथ्याच्या गावात झोपावे आणि उजाडताच चढाईला लागावे. खिंडीत पोहोचल्यावर समोरचा सालोटा खुणावतो. त्याची वाट घसाऱ्याची आहे, तेव्हा सोबत कोणी असेल त्या वेळेसाठी तो राखून ठेवावा.