घरी कोण असतं? इस्पितळात समाजसेवक म्हणून येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करताना मला फिल्डवर्कसाठी एका सरकारी इस्पितळात पाठवलं होतं. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टरने विचारलं, "बाय, तू इथं नेमकं काय करणार?" मला सांगता आलं नाही. आता माझ्याकडे विद्यार्थी येतात, तेव्हा तोच प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसतो.

काम तसं जुनं आहे. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तिथपासून आपल्या देशात हे पद आहे. तरी वॉर्डात आपली ओळख 'योजनेचे फॉर्म भरणारी मॅडम' एवढीच असते. फॉर्म भरावेच लागतात, आणि ते मनापासून भरा. पण खरं काम काय, ते मला एका डायलिसिसच्या रुग्णाने शिकवलं.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरचा माणूस. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. तो दोनदाच यायचा आणि मग दम लागून इमर्जन्सीत भरती व्हायचा. केसपेपरवर लिहिलेलं होतं, 'रुग्ण सूचना पाळत नाही'. त्याला डायलिसिसचे पैसे भरावे लागत नव्हते, मग येत का नाही हे कुणाला कळेना. मी त्याच्याजवळ बसले आणि सकाळी उठल्यापासून रात्री घरी पोचेपर्यंत काय काय होतं ते विचारलं. त्याची पाळी दुपारची. ती संपेपर्यंत वाड्याकडे जाणारी शेवटची बस निघून गेलेली असायची. दोन दिवस भाचा मोटारसायकल घेऊन यायचा. तिसऱ्या दिवशी भाच्याला कामाची पाळी. एवढंच कारण होतं. टेक्निशियनशी बोलून त्याची पाळी सकाळची करून घेतली आणि तो तिन्ही दिवस यायला लागला. त्याचं औषध बदललं नव्हतं, मशीनही तेच होतं.

तेव्हापासून 'घरी कोण असतं?' हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. पण तो नुसता विचारून भागत नाही. आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, "सगळी आसात." मग जेवण कोण करतं, रात्रीची गोळी कोण देतं, संडास घरात की बाहेर, पायऱ्या किती, असं एकेक विचारत जावं लागतं. मांडीचं हाड मोडलेल्या आजीला घरी पाठवताना त्या पायऱ्यांना एक्स-रेइतकंच महत्त्व असतं. हे डिस्चार्जच्या दिवशी विचारलं तर फार उशीर होतो. भरती झाल्यावर दुसऱ्या दिवशीच विचारा.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होणार. एका मावशीला ऑपरेशनसाठी दीनदयाळ कार्ड, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं कार्ड, हवं होतं. मी म्हटलं, "होईल मावशी, काळजी करू नका." कार्डासाठी गोव्यात किमान पाच वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. त्यांच्या एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. दुरुस्तीत दिवस गेले आणि त्या रोज माझ्या टेबलासमोर येऊन गप्प बसायच्या. मी चौकशी न करता शब्द दिला होता. आता मी एवढंच सांगते की आज मी हा फोन करणार आणि उद्या दुपारपर्यंत काय झालं ते कळवणार. मग उत्तर नकाराचं असलं तरी मी स्वतः जाऊन सांगते.

योजना तोंडपाठ हव्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-सावंतवाडीहून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, येणाऱ्यांकडे हे कार्ड नसतं, तेव्हा तिकडच्या योजनेचे कागद कुठे चालतात ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. क्षयरोग्याला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. पैसे थेट बँकेत जातात, म्हणून खातं चालू आहे का तेही बघा. आणि पैशांच्या आधी घरात ताट-पेला वेगळा काढलाय का ते विचारा. उपचार किमान सहा महिन्यांचे असतात, पण दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं. घरात वाळीत पडलेला माणूस तेव्हाच गोळ्या सोडतो.

विष घेतलेला रुग्ण आला की घरचे पोलिसांच्या भीतीने खोटं सांगतात, "चुकून प्यायला." अशा वेळी त्यांना बाजूला घेऊन सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करायची नाही. पोलिसांना कळवणं होतं, जबाबही घेतात, तेही लपवू नका. भीती उतरली की खरी हकीकत बाहेर येते आणि डॉक्टरला नेमकं कुठलं विष ते कळतं.

भाषेकडे माझं फार लक्ष असतं. आम्ही डिचोली-सत्तरीकडची माणसं मराठी वाचतो, लिहितो, आरत्या मराठीत म्हणतो, पण दुखणं सांगायची वेळ आली की तोंडात कोंकणीच येते. "कशेंशेंच दिसता" (कसंसंच वाटतंय) म्हणणाऱ्या बाईला मळमळतंय की तिचं मन उदास आहे, हे तिच्याशी कोंकणीत बोलल्याशिवाय कळत नाही. बांधकामावरच्या मजुरांसाठी थोडी कन्नड आणि हिंदीही शिका.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. पणजीच्या डॉन बॉस्को कॉलेजात समाजकार्य शिकता येतं. मानसिक आरोग्यात सायकिॲट्रिक सोशल वर्कर व्हायचं तर २०१७ च्या त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे एमएसडब्ल्यूनंतर त्या विषयातलं एमफिल लागतं, ते आधीच डोक्यात ठेवा. वैद्यकीय समाजसेवक आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कर यांचा समावेश २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यातही झाला आहे. त्याचा आम्हाला फार आधार वाटतो.

डॉक्टरांच्या राउंडला उभं राहायला संकोच वाटेल. तरी जा. डॉक्टर घाईत असतात, म्हणून तुमचं म्हणणं दोन वाक्यांत तयार ठेवा: "सात नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाच्या घरी इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही. शेजारणीच्या घरी ठेवायचं ठरलंय." असं बोललात की पुढच्या राउंडला ते स्वतःच तुमच्याकडे बघतात.

आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. रुग्णाने विश्वासाने सांगितलेलं सगळं फाईलवर येता कामा नये. एचआयव्ही किंवा घरातली मारहाण कुठे आणि किती लिहायची ते सुपरवायझरना विचारूनच ठरवा. उरलेलं साध्या शब्दांत लिहा, आणि शेवटच्या ओळीत पुढचा फोन कधी, कुणाच्या नंबरावर करायचा ते.