'बोगस' बियाणे: तक्रार करण्यापूर्वी बनावट आणि निकृष्ट यांतला फरक ओळखावा

मृगाच्या तोंडावर वणी-पांढरकवड्याकडे न उगवलेल्या प्रत्येक बियाण्याला 'बोगस' म्हटले जाते. तक्रार मात्र या एका शब्दावर उभी राहत नाही. कंपनीचेच, पण उगवणशक्ती गमावलेले बियाणे निकृष्ट असते, बनावट नव्हे. उलट नामांकित कंपनीच्या पिशवीसारख्या पिशवीत जिनिंगमधली सरकी भरली, तर ती सगळी उगवली तरी बनावटच, कारण खोटे असते ते पिशवीवरचे नाव. तसल्या वावरात झाडे एकसारखी येत नाहीत, परंतु हे कळेपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो.

घरचे बियाणे ही नक्कल असली तरी फसवणूक नाही. सोयाबीन स्वपरागित असल्याने त्याचा वाण घरच्या बियाण्यातही टिकतो, आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी ते राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. संकरित कपाशीची सरकी राखून मात्र तोच वाण मिळत नाही.

'चोर बीटी'चे, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या तणनाशकरोधक कपाशीच्या बियाण्याचे प्रकरण वेगळे आहे. ते तणनाशकाला टिकते म्हणून अस्सल, असे विकणारा सांगतो, आणि कधी ते टिकतेही; पण भारतात या तंत्रज्ञानाला लागवडीची परवानगी नाही आणि माल बिलाशिवाय येत असल्याने दाद मागायला कागदच नसतो.

म्हणून परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच बियाणे घ्यावे आणि पिशवीवरचा लॉट क्रमांक बिलावर जसाच्या तसा लिहून घ्यावा. गर्दीत दुकानदार कुरकुरला तरी हटू नये. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत. सत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाणे निकृष्ट समजावे, मात्र बनावटपणा या चाचणीत दिसत नाही, तो लेबल आणि बिल ताडूनच उघड होतो.

पिशवी खालच्या बाजूने फोडावी, लेबल शाबूत ठेवावे आणि मूठभर बियाणे त्याच पिशवीत राखावे. उगवण फसल्यास पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि तालुका समितीचा पंचनामा होईपर्यंत दुबार पेरणीसाठी सगळ्या वावरात वखर फिरवू नये.